पदवीनंतरची वीस वर्षं

समुपदेशकाच्या हातून एखाद्याचं नुकसान झाल्याची बातमी आली, की वाद ठरलेल्या दोन वाटांनी पळतो. एक बाजू म्हणते, पदवी आणि नोंदणी सक्तीची करा; कुणीही उठावं आणि पाटी लावावी हे थांबवा. दुसरी म्हणते, दुःख ऐकायला अंतःकरण लागतं, कागद नव्हे. आणि पदवीवाल्यांच्या हातून काय कमी चुका झाल्या? दोन्ही बाजू तावातावाने भांडतात, पण उभ्या असतात एकाच ठिकाणी, दारात. आत कुणाला सोडायचं आणि कुणाला अडवायचं, एवढाच त्यांचा प्रश्न. आत गेलेला माणूस दहाव्या, पंधराव्या, विसाव्या वर्षी कसं काम करतो, त्याचं काम कोण पाहतं, तो थकला तर ते कुणाच्या लक्षात येतं, याबद्दल दोघेही गप्प असतात. माझ्या मते खरी जोखीम या नंतरच्या वर्षांत आहे. समुपदेशकाची क्षमता एकदा मिळवली की कायमची राहते असं नाही. ती झिजते, आणि ज्याची झिजते त्याला ते सहसा सर्वांत शेवटी कळतं. म्हणून तिची देखभाल, म्हणजे पर्यवेक्षण (आपलं काम अनुभवी सहकाऱ्यासमोर नियमितपणे तपासून घेणं), पुन्हा शिकणं आणि स्वतःला ताजं करणं, ही समुपदेशकाची खासगी हौस मानून चालणार नाही. तो त्याच्या नीतिनियमांचा गाभा आहे.

दारातलं हे भांडण नवं नाही. १९२६ साली व्हिएन्नात थिओडोर राइक या मनोविश्लेषकावर वैदूगिरीचा आरोप झाला, कारण त्याच्याकडे डॉक्टरेट होती पण वैद्यकीय पदवी नव्हती. त्याच वर्षी मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइडने त्याच्या बाजूने लिहिलं. वैदू कोण, तर आवश्यक ज्ञान आणि कौशल्य नसताना उपचार करायला बसतो तो, अशी त्याची व्याख्या होती. या व्याख्येने विश्लेषणाचं प्रशिक्षण न घेतलेला डॉक्टरही वैदूच ठरतो. पुढे राइकवरचा खटला टिकला नाही, पण अमेरिकेतल्या मनोविश्लेषकांच्या संघटनेने डॉक्टर नसलेल्यांना दार बंदच ठेवलं आणि पुढची कित्येक दशकं त्या वादात गेली. या गदारोळात एक गोष्ट मागे पडली. १९२० मध्ये बर्लिनला सुरू झालेल्या मनोविश्लेषणाच्या दवाखान्यात प्रशिक्षणाचे तीन भाग आकाराला आले होते: स्वतःचं विश्लेषण, सिद्धांताचा अभ्यास आणि अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्ण पाहणं. जगभरातल्या मानसोपचाराच्या शिक्षणात हा साचा आजही कुठे ना कुठे दिसतो. मात्र तिसरा भाग, देखरेख, बहुतेक ठिकाणी शिकाऊ उमेदवारीपुरता मानला गेला. प्रमाणपत्र हातात पडलं की देखरेख संपली. असं का व्हावं, याचं पटेल असं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही.

पदवी आणि नोंदणी मागणाऱ्यांचं म्हणणं हलकं नाही, हे आधी मान्य करतो. किमान पात्रता नसेल तर तीव्र नैराश्य आणि साधी उदासी यांतला फरक न कळणारा माणूसही खुर्चीत बसू शकतो. आत्महत्येचा विचार मनात आहे का, हे थेट शब्दांत विचारायचं असतं, आणि विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही, ही प्राथमिक गोष्टसुद्धा शिकवल्याशिवाय अनेकांना ठाऊक नसते. थायरॉइडच्या दोषामुळेही माणूस खिन्न आणि मंद होऊ शकतो, म्हणून आधी डॉक्टरकडे पाठवायला हवं, हेही शिकावंच लागतं. शिवाय नोंदणी नसेल तर तक्रार कुणाकडे करायची? नाव काढून टाकायला आधी ते यादीत असावं लागतं. हे सगळं खरं आहे. पण या आधारावर पुढे जे गृहीत धरलं जातं ते खरं नाही: एकदा पात्र ठरलेला माणूस अनुभवाने आपोआप अधिक चांगला होत जातो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात १७० थेरपिस्ट आणि त्यांच्याकडे आलेली ६,५९१ माणसं यांच्या नोंदी वर्षानुवर्षं तपासल्या गेल्या. सरासरी पाहता, अनुभव वाढत गेला तसे परिणाम सुधारले नाहीत, किंचित घसरले. लोक मध्येच सोडून जाण्याचं प्रमाण मात्र थोडं कमी झालं. घसरण अगदी लहान होती आणि काही जण सुधारलेही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण वीस वर्षांचा अनुभव म्हणजे वीस वर्षांची वाढ, हे समीकरण त्यात टिकत नाही.

ही घसरण ज्याची त्याला का दिसत नाही? २००५ च्या एका अभ्यासात थेरपिस्टना विचारलं गेलं की तुमच्याकडे येणाऱ्यांपैकी कुणाची अवस्था उपचारानंतर बिघडलेली असेल. ५५० जणांपैकी त्यांनी ३ नावं सांगितली. प्रत्यक्षात बिघडले ४०, आणि त्या ४० पैकी आधी ओळखला गेला होता फक्त १. २०१२ मध्ये १२९ मानसिक आरोग्य व्यावसायिकांना स्वतःचं स्थान समव्यावसायिकांच्या तुलनेत ठरवायला सांगितलं, तेव्हा एकानेही स्वतःला सरासरीच्या खाली ठेवलं नाही आणि चौथा हिस्सा लोकांनी स्वतःला वरच्या १० टक्क्यांत बसवलं. ही माणसं खोटारडी नव्हती. सर्जनला जखम भरताना किंवा चिघळताना दिसते. समुपदेशकाला मात्र ज्याचं बिनसलं तो माणूस पुन्हा दिसतच नाही. तो पुढची वेळ घेत नाही, आणि येत राहतात ते बहुधा बरं वाटणारे. डोळ्यांसमोर सतत समाधानी चेहरे असतील तर आपलं चुकतंय हे कळणार कुठून? अशा कामात ‘मी माझं पाहून घेतो’ हे आश्वासन कितीही सद्भावनेने दिलेलं असो, ते पुरेसं मानता येत नाही.

आता दुसरी बाजू. अंतःकरण पुरेसं आहे म्हणणाऱ्यांच्या हातात भक्कम पुरावे आहेत आणि पदवीवाले ते टाळतात. १९७९ मध्ये ४२ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा व्यावसायिक पदवी नसलेल्या प्रशिक्षित मदतनीसांचे परिणाम व्यावसायिकांच्या तोडीचे दिसले. त्या अभ्यासांच्या दर्जावर पुढे बरीच टीका झाली, तरी प्रश्न मिटला नाही. झिंबाब्वेमध्ये डिक्सन चिबांडा या मनोविकारतज्ज्ञाने उभा केलेला ‘फ्रेंडशिप बेंच’ हा उपक्रम तर आता जगभर ओळखला जातो: दवाखान्याच्या आवारातला एक बाक आणि त्यावर बसून ऐकणाऱ्या आज्या. हरारेत झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्यांच्याकडे गेलेल्यांची लक्षणं नेहमीच्या सेवेपेक्षा स्पष्टपणे कमी झाली. हे उदाहरण हमखास ‘बघा, प्रशिक्षणाची गरजच नाही’ असं सांगताना दिलं जातं. पण त्या बाकाभोवती काय काय होतं ते पाहा. आज्यांना प्रशिक्षण दिलेलं होतं. १४ प्रश्नांची एक चाचणी होती, तिच्या गुणांवरून कोणाला पुढे पाठवायचं हे ठरत होतं. भेटींची संख्या आणि टप्पे ठरलेले होते: मनातल्या सगळ्या अडचणी मोकळ्या करणं, त्यांतली एक निवडणं, तिच्यावर करता येईल असं पाऊल ठरवणं, पुढच्या भेटीत ते तपासणं. आणि त्यांच्यावर देखरेख होती, अडलं तर वर विचारायची सोय होती. म्हणजे पदवी नसलेल्या त्या आज्यांकडे जे होतं, तेच पदवी असलेल्या, एका खोलीत एकट्याने काम करणाऱ्या अनेक समुपदेशकांकडे नसतं. हा पुरावा अंतःकरणाचा जेवढा आहे तेवढाच रचनेचाही आहे.

नीतिनियम कुठे मोडतात, हे एकदा बारकाईने पाहायला हवं, कारण वादात ते नेहमी चारित्र्याचा प्रश्न म्हणून येतं: वाईट माणसं नियम मोडतात, चांगली पाळतात. क्लायंटशी शरीरसंबंध नको हे न शिकलेला समुपदेशक सापडणार नाही. वैद्यांसाठीच्या प्राचीन हिप्पोक्रेटसच्या शपथेतही ही मनाई आहे. मग जे घडतं ते कसं घडतं? १९९३ मध्ये गुथाइल आणि गॅबर्ड या दोन मनोविकारतज्ज्ञांनी मर्यादा ओलांडणं आणि मर्यादेचा भंग यांत फरक केला. ओलांडणं कधी निरुपद्रवी असतं, कधी उपयोगीसुद्धा. पण ते कुणाशी बोललं गेलं नाही आणि पुन्हा पुन्हा होत राहिलं, की भंगाकडे जाणारा उतार तयार होतो. उताराच्या पायऱ्या ओळखीच्या आहेत. ५० मिनिटांचं सेशन एकाच माणसाच्या बाबतीत ६५ मिनिटांवर जायला लागतं. त्याला दिवसाची शेवटची वेळ दिली जाते, म्हणजे मागे कुणी खोळंबत नाही. रात्रीच्या संदेशांना उत्तरं सुरू होतात, आधी संकट म्हणून, मग सवय म्हणून. शुल्क माफ होतं, पण त्याची नोंद होत नाही. समुपदेशक स्वतःच्या घरातलं काही सांगतो, ‘त्याला एकटं वाटू नये’ म्हणून. मग बाहेर भेट. यांतल्या कुठल्याही एका पायरीवर थांबून विचारलं तर करुणेचं कारण तयार असतं, आणि ते कारण खोटं नसतं. म्हणूनच नियमांची परीक्षा घेऊन हा उतार थांबत नाही. तो थांबवायला पहिल्या-दुसऱ्या पायरीवर ‘या माणसाचंच सेशन लांबतं, दुसऱ्या कुणाचं नाही, हे लक्षात आलंय का?’ असं विचारणारं कुणीतरी लागतं. ज्याचा स्वतःचा दिवस रिकामा आहे, ज्याला घरी ऐकून घेणारं कुणी नाही, जो आठवड्याला तीस सेशन्स करून कोरडा पडलाय, त्याचा पाय या उतारावर लवकर घसरतो. समुपदेशकाच्या थकव्याचा आणि नीतीचा संबंध असा थेट आहे.

थकवा हा शब्दही आपण फार ढोबळपणे वापरतो, आणि औषध एकच सांगतो, सुट्टी. १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने मोफत दवाखान्यांत राबणाऱ्या कार्यकर्त्यांची जी अवस्था ‘बर्नआउट’ म्हणून वर्णन केली, तिच्या मोजणीसाठी क्रिस्टिना मास्लॅक आणि सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये प्रश्नावली दिली. तीत तीन वेगळे धागे आहेत: भावनिक दृष्ट्या रिकामं होणं, समोरच्याकडे माणूस म्हणून न पाहता ‘केस’ म्हणून पाहायला लागणं, आणि आपल्या कामाचा काही उपयोग नाही असं वाटणं. हे बहुतांशी कामाच्या बोज्याने आणि संस्थेच्या वागणुकीने होतं, आणि सुट्टीवरून परतल्यावर तोच बोजा समोर असेल तर थोड्या दिवसांत परत येतं. दुसरी गोष्ट वेगळी: अत्याचार, अपघात, हिंसा यांची वर्णनं रोज ऐकून समुपदेशकाचं जगाबद्दलचं आकलनच बदलतं. आपल्या मुलाला शेजारी सोडायची भीती वाटू लागते, ऐकलेली दृश्यं झोपेत येतात. १९९० च्या सुमारास याला स्वतंत्र नाव मिळालं, परोक्ष आघात. यावर कामाचे तास घटवणं पुरत नाही. कामाचं मिश्रण बदलावं लागतं, आघाताच्या ताज्या केसेस एकाच दिवशी ओळीने ठेवायच्या नसतात, आणि ऐकलेलं कुठेतरी सांगून मोकळं व्हावं लागतं. तिसरी अवस्था सर्वांत कमी बोलली जाते. काम जमतंय, झोप लागतेय, पण कुतूहल संपलंय. समोरच्याचं पहिलं वाक्य ऐकताच पुढचं माहीत असल्यासारखं वाटतं. इथे विश्रांती निरुपयोगी आहे. इथे नवं आणि अवघड असं शिक्षण लागतं, आणि पुन्हा विद्यार्थी व्हावं लागतं. तिन्हींना ‘स्वतःची काळजी घ्या’ हे एकच उत्तर देणं म्हणजे ताप, हाडमोड आणि अशक्तपणा यांवर एकच गोळी देणं.

झीज आतून जाणवत नसली तरी तिच्या खुणा कामात दिसतात. शांतता सोसवेनाशी होते आणि सल्ला लवकर बाहेर पडतो. थकलेल्या मनाला समोरच्याची अनिश्चितता पेलत नाही, म्हणून ते उत्तर देऊन मोकळं होतं. कुणी वेळ रद्द केली की हायसं वाटतं. दोन माणसांच्या हकिकती एकमेकांत मिसळतात. नोंदी त्याच दिवशी लिहायच्या त्या आठवड्याच्या शेवटी आठवून लिहिल्या जातात, आणि त्यांत ‘क्लायंट म्हणाला’ कमी, ‘क्लायंट विरोध करतो’ जास्त येऊ लागतं.

हे प्रत्येकाने आपलं आपण ओळखावं, असं म्हणणाऱ्यांना विमानसेवेकडे पाहायला सांगावंसं वाटतं. वैमानिकाने किती तास उडावं आणि मध्ये किती विश्रांती घ्यावी, हे त्याला ताजंतवानं वाटतंय का यावर सोडलेलं नसतं. नियमाने बांधलेलं असतं. हजारो तासांच्या अनुभवानंतरही त्याला ठरावीक काळाने सिम्युलेटरमध्ये तपासणी द्यावी लागते. यात कुठल्याही वैमानिकाला अपमान वाटत नाही. थकलेल्या मेंदूला स्वतःचा थकवा मोजता येत नाही, एवढंच त्यामागचं कारण आहे, आणि ते समुपदेशकाच्या मेंदूलाही तितकंच लागू आहे. मग दिवसाला पाच-सहा सेशन्सची कमाल मर्यादा, दोन सेशन्समध्ये किमान दहा मिनिटं, नोंदींसाठी पगारी वेळ, या गोष्टी संस्थेच्या नियमावलीत का असू नयेत? दिवसाला दहा सेशन्स लावणारी संस्था आपल्या समुपदेशकांसाठी योगवर्ग ठेवते, तेव्हा ती आपली जबाबदारी त्यांच्या अंगावर ढकलत असते.

सर्वांत महत्त्वाचं मात्र पर्यवेक्षण. ब्रिटनमधल्या समुपदेशकांच्या प्रमुख संघटनेत अधिस्वीकृत सदस्याला महिन्याला किमान दीड तास पर्यवेक्षण घ्यावं लागतं, मग त्याचा अनुभव कितीही असो. या दीड तासात काय व्हायला हवं, यावर सगळं अवलंबून आहे. समुपदेशकाने आठवणीतून केस सांगायची आणि पर्यवेक्षकाने मान डोलवायची, याला मी पर्यवेक्षण म्हणणार नाही. आठवण सांगणाऱ्याच्या सोयीने सांगते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सने १९४० च्या आसपास, तबकड्यांवर ध्वनिमुद्रण करावं लागत होतं त्या काळात, सेशन्स मुद्रित करून अभ्यासायला सुरुवात केली, ती याचसाठी. आज तेच फोनवर होतं. क्लायंटची लेखी संमती घ्यायची, मुद्रण कोण ऐकणार आणि कधी पुसलं जाणार हे त्यात लिहायचं, नकार दिला तर सेवेत फरक पडणार नाही हे स्पष्ट सांगायचं. मग पूर्ण सेशन नव्हे, जिथे अडलं ती दहा मिनिटं ऐकायची. कोणती दहा मिनिटं हे समुपदेशकाने निवडावं. मात्र महिन्यातून एकदा पर्यवेक्षकाने कुठलीही दहा मिनिटं काढावीत, कारण आपण निवडताना आपल्या आंधळ्या जागा वगळतो. जोडीला प्रत्येक सेशनआधी क्लायंटकडून चार रेघांची छोटी प्रश्नावली भरून घ्यावी: स्वतःचं, जवळच्या नात्यांचं, बाहेरच्या जगातलं आणि एकूण कसं चाललंय, प्रत्येकासाठी १० सेंटिमीटरची रेघ, त्यावर एक खूण. मिनिटभराचं काम. तीन-चार सेशन्समध्ये आकडा हलला नाही किंवा खाली आला, तर ती केस पर्यवेक्षणात पहिली घ्यायची. त्या ४० पैकी ३९ जणांना वेळेत ओळखण्याचा याहून साधा उपाय मला ठाऊक नाही.

यावरचे आक्षेप खरे आहेत. पर्यवेक्षणामुळे क्लायंटला फायदा होतो, याचा थेट पुरावा अजून तोकडा आहे. जे सिद्ध झालंय ते मुख्यतः समुपदेशकाला आधार वाटतो, आत्मविश्वास येतो, इतकंच. सक्ती केली की सहीचा सोपस्कार होतो. आणि पर्यवेक्षकच चुकला तर? इथे कॅलिफोर्नियातलं तारासॉफ प्रकरण समोर ठेवायला हवं. १९६९ मध्ये एका तरुणाने थेरपीत एका तरुणीला मारण्याचा इरादा बोलून दाखवला. मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांशी चर्चा केली, ते सहमत झाले, त्याने विद्यापीठाच्या पोलिसांना लेखी कळवलं. पोलिसांनी तरुणाला सोडून दिलं. विभागप्रमुखाने पत्र परत मागवलं, नोंदी नष्ट करायला सांगितलं आणि पुढची कारवाई थांबवली. त्या तरुणीला कुणीच सावध केलं नाही आणि तिचा खून झाला. १९७६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने संभाव्य बळीचं रक्षण करण्याचं कर्तव्य मान्य केलं. त्या निकालाची आठवण गोपनीयतेच्या मर्यादेसाठी ठेवली जाते. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. समवयस्कांशी झालेला सल्ला कृतीच्या दिशेने गेला होता. तो पुसला गेला प्रशासकीय अधिकाराने, एका माणसाच्या हुकुमावर. म्हणून पर्यवेक्षक आणि पगार-बढती ठरवणारा वरिष्ठ एकच नसावा, धोक्याच्या केसमध्ये दोनाहून अधिक जणांचं मत घ्यावं, आणि दिलेला सल्ला तारखेसह लिहून ठेवावा. पुरावा तोकडा आहे यावरचं उत्तर पर्यवेक्षण सोडून देणं हे नाही. मुद्रण आणि मोजणी यांना जोडून ते करणं हे आहे, म्हणजे पुरावाही त्यातूनच तयार होईल. खर्चाचा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. स्वतंत्र काम करणाऱ्या नवशिक्याला पर्यवेक्षकाचं शुल्क परवडत नाही. चार-पाच जणांचा गट, पंधरवड्याला दोन तास, आळीपाळीने एकाची ध्वनिफीत, हा मार्ग जवळपास फुकट आहे. तो बिघडतो तेव्हा बहुधा गटाला एकमेकांना दुखवायचं नसतं म्हणून बिघडतो. त्यासाठी वर्षातून दोनदा बाहेरचा पर्यवेक्षक बोलवावा.

पर्यवेक्षकाशी बोललं तर गोपनीयतेचं काय, हा मुद्दा तर पहिल्याच भेटीत निकालात काढता येतो. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका, बालकावरचा अत्याचार, न्यायालयाचा आदेश, या मर्यादा जशा सांगतात तसंच ‘तुमचं नाव न घेता मी माझ्या पर्यवेक्षकाशी या कामाबद्दल बोलतो’ हेही सांगावं. बहुतेक लोकांना त्याने असुरक्षित वाटण्याऐवजी बरं वाटतं.

फ्रॉइडने १९३७ मध्ये, आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यावर, विश्लेषकांनी दर पाच वर्षांनी पुन्हा स्वतःचं विश्लेषण करून घ्यावं आणि त्यात लाज मानू नये, असं सुचवलं होतं. हे काम करणाऱ्यावर त्या कामाचाच परिणाम होतो, हे त्याने ओळखलं होतं. सूचना कुणी फारशी मनावर घेतली नाही. आज तिचं रूप वेगळं असू शकेल: दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करताना व्याख्यानांना हजेरी लावल्याच्या तासांऐवजी तीन गोष्टी मागाव्यात. गेल्या वर्षीच्या पर्यवेक्षणाच्या नोंदी, कामाचे परिणाम मोजल्याचा पुरावा, आणि आपण अचानक आजारी पडलो किंवा गेलो तर क्लायंटना कोण कळवेल आणि नोंदी कुणाकडे जातील याचं लिहून ठेवलेलं पत्र. या तिसऱ्या गोष्टीचा विचार फार थोडे करतात. महिनोन्महिने आपलं मन उघडं केलेल्या माणसाला समुपदेशकाच्या मृत्यूची बातमी बंद दारावरच्या कागदावरून कळावी, हे कुठल्या नीतीत बसतं?

आणि जे मदत घ्यायला जातात त्यांना पहिल्या भेटीत एक प्रश्न विचारायचा पूर्ण हक्क आहे: तुमचं काम कोण पाहतं, आणि शेवटचं कधी पाहिलं? उत्तरात पर्यवेक्षक किंवा गट आणि साधारण तारीख आली, तर पुढचं बोलणं सुरू करायला हरकत नाही. ‘मला आता त्याची गरज नाही’ असं उत्तर आलं, तर पदवीची चौकट भिंतीवर असली तरी दुसरीकडे चौकशी करावी.